मठारलेलं दार

तार आली तेव्हा मी सहावीच्या मुलींना शिवण शिकवत होते. शाळेचा शिपाई एरवी कागद थेट टेबलावर आणून ठेवतो. त्या दिवशी तो उंबऱ्याशीच थांबला, आणि मला तिथेच कळलं. मिरजेच्या इस्पितळात एस्तेरबाईंनी पहाटे प्राण सोडला होता. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकताहेत, असं पत्र त्याआधी आलं होतं आणि त्यात त्यांनी माझ्याकडे घरच्या लोणच्याची बरणी मागितली होती. बरणी भरून, तोंडाला फडकं बांधून तयार होती... मी तार घडी करून पदरात खोचली, आणि मुलींनी सुया खाली ठेवल्या होत्या म्हणून त्यांना म्हटलं, घेतलेले टाके पुरे करा. घंटा होईपर्यंत मीही उसवलेली एक बाही शिवत बसले.

त्यानंतर नगरात दोन शोकसभा झाल्या. भाषणं चांगली झाली. सेवा, त्याग, निष्काम वृत्ती, सगळं बोलून झालं. ते खोटं नव्हतं, पण ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे लोक कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलताहेत. आमच्या मिशनच्या दवाखान्याच्या आवारात माझ्या दोन खोल्या त्यांच्या बंगलीला लागून होत्या. त्या डॉक्टर, मी शाळामास्तरीण. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पण मैत्रीच म्हणायची ती. एस्तेरबाईंना उशिरा आलेल्या माणसाचा राग येई, स्वतः मात्र उपासनेला नेमाने शेवटचं गीत चालू असताना यायच्या. चहा अर्धा टाकून उठायच्या. गाडी चालवताना गाढवांशी, बैलांशी आणि वाटेतल्या खड्ड्यांशी बोलायच्या, माणसांशी मात्र नाही. ह्या बाईची आठवण कुणी सांगितली नाही, म्हणून मी सांगते आहे. आणि मला आठवतं ते गाडीचं दार.

आधी दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. सरळ माणूस, वेळेचा पक्का. एका पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून बोलावणं आलं, तेव्हा त्याने काठावर गाडी थांबवली आणि म्हणाला, पाण्याचा भरवसा नाही, गाडी जाणार नाही. एस्तेरबाई लुगडं खोचून पायी ओढा उतरून गेल्या. त्या पोचल्या तेव्हा बाळंतीण गेली होती. ड्रायव्हरचं चुकलं असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत, ओढ्याला पाणी होतंच. पण जायचं की नाही हे यापुढे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, एवढं त्यांनी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. भिंगारच्या एका निवृत्त हवालदाराकडून त्या मोकळ्या माळावर गाडी शिकल्या. पुढे ड्रायव्हर पलटणीत भरती होऊन गेला आणि लढाईचे दिवस असल्यामुळे दुसरा मिळेना, तेव्हा एस्तेरबाईंनी कमिटीकडे किल्ली मागितली.

कमिटी म्हणजे मुख्यतः आमचे मास्तर. निवृत्त हेडमास्तर, चर्चच्या मंडळीतले वजनदार गृहस्थ, हातात कायम काठी. बाईमाणसाने गाडी हाकायची हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं, पण नाही म्हणायला त्यांच्याकडे ड्रायव्हरही नव्हता. शेवटी त्यांनी अट घातली. गाडीला एक ओरखडा जरी दिसला, तरी किल्ली कमिटीच्या कपाटात आणि स्टेअरिंगवर मिळेल तसा ड्रायव्हर. एस्तेरबाईंनी अट मान्य केली. दर बैठकीच्या आधी मास्तर गाडीभोवती काठी टेकत एक प्रदक्षिणा घालायचे, मग आत येऊन प्रार्थना सुरू करायचे. मी त्या कमिटीचं टिपण लिहायला बसत असे, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे.

बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग घोडेगावच्या बैलबाजाराच्या दिवशी व्हायचं ते झालं. गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. एस्तेरबाईंनी हॉर्न वाजवला, एक खोंड बिथरला, छकडा आडवा फिरला आणि त्याच्या आखाचं टोक उजव्या दारात घुसलं. वाटीएवढा खोल पोचा, आणि तिथून मुठीपर्यंत रंग खरवडून उघडा पडलेला पत्रा. छकडेवाला हात जोडून थरथरत उभा. त्याला त्या म्हणाल्या, माझ्याकडे काय बघतोस, खोंडाच्या खुराकडे बघ, आणि गाडी पुढे काढली. नगर येईपर्यंत त्या खड्ड्यांशीसुद्धा बोलल्या नाहीत. कमिटीची बैठक पुढच्याच आठवड्यात होती.

कॅम्पातल्या मिस्त्रीकडे लष्करी ट्रकांची रांग लागलेली. त्याने दार पाहिलं आणि लढाई संपल्यावर या म्हणाला. मग एस्तेरबाईंच्या डोक्यात आलं, की पोचा काढणं हे तर तांबटाचं रोजचं काम. बाजारात गणपत तांबट म्हणून एक ओळखीचे होते, त्यांच्या बायकोची दोन बाळंतपणं एस्तेरबाईंनी केलेली. त्यांच्या दुकानाच्या बोळात गाडी शिरत नव्हती, तेव्हा ते स्वतः चालत रस्त्यापर्यंत आले, दारावर बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"लोखंड हाय हे, बाई. तांबं सांगितलेलं ऐकतं. हे ऐकंल का न्हाई, मी सांगू शकत न्हाई."

"प्रयत्न तर करा."

"मग दार काढून आना. उद्याच्याला सांजच्याला देतो."

बिजागऱ्यांच्या कांबी ठोकून दार काढलं, आणि ते मांडीवर आडवं धरून मी टांग्यातून बाजारात गेले. टांगेवाल्याने विचारलं, कुठल्या घराचं दार म्हणायचं हे? मी त्याला पुढे बघून हाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगणापूरजवळच्या एका वस्तीवरून एक तरणा शेतकरी सायकल मारत आला. त्याची बायको आदल्या दुपारपासून अडली होती. दार अजून तांबटाकडे. एस्तेरबाईंनी बॅग उचलली, गाडीच्या उजव्या बाजूला पडलेल्या त्या मोकळ्या भगदाडाकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "शांते, तुझं एखादं जुनं लुगडं आण." माझं विटलेलं इरकली लुगडं त्यांनी दाराच्या जागी वरून खाली असं ताणून बांधलं, म्हणजे धूळ तरी कमी येईल. सायकल टपावर चढवली, सायकलवाल्याला मागे बसवलं, आणि वळणावर एस्तेरबाई बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून मी डाव्या बाजूला त्यांचा पदर मुठीत धरून बसले. त्यांनी मला दोनदा सांगितलं की पदर सोड, गियर टाकता येत नाही. मी सोडला नाही.

शिंगणापूरच्या बाजूला घरांना दारं नसतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. चौकट असते, फार तर पडदा सोडलेला असतो. त्या वस्तीवरही तसंच होतं. एस्तेरबाई पडद्याआड गेल्या आणि मी बाहेर चुलीवर पाण्याची पातेली चढवत, उतरवत राहिले. बाळ आडवं होतं. मध्ये एकदा आतला आवाज इतका पूर्ण थांबला, की अंगणातली बायामाणसं माझ्याकडे बघू लागली, जणू मला काही ठाऊक असणार. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं... ऊन कललं तेव्हा बाळ रडलं. मुलगी. आईही हाती लागली. एस्तेरबाई बाहेर येऊन जोत्यावर बसल्या, आणि मी दिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी एका दमात संपवला. आज तो ड्रायव्हर असता तर, एवढंच त्या पुटपुटल्या. ओढ्याची ती वस्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती.

आम्ही निघालो तेव्हा बाळंतिणीची सासू भागूबाई गाडीपर्यंत आली. चाकाकडून, पुढून, मागून तिने गाडी नीट पाहिली. उजवीकडे आली, माझ्या लुगड्याचा तो पडदा दोन बोटांनी चाचपला, आणि एकदम हात जोडले.

"लई केलंत बाई तुमी. आमच्या गावाला यायचं म्हनून गाडीलाबी दार न्हाई ठिवलं. देवाचा मान राखला."

एस्तेरबाईंनी तोंड उघडलं. मग भागूबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. म्हणाल्या, आजी, सुनेला पाणी उकळूनच द्या. घोडेगाव मागे पडलं. मग त्यांना हसू आलं, मला आलं, आणि इतकं आलं की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.

दार संध्याकाळी आणलं. गणपत तांबटांनी पोचा काढला होता, त्यात शंका नाही. पण तांबटाचा हात तो. हंडा घडवला की त्याच्यावर छोट्या हातोडीने ओळीने ठोके मारायचे, त्याला मठारणं म्हणतात. पत्रा कडक होतो आणि भांडं उजेडात चमकतं. गणपतरावांना मठारल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखंच वाटेना. पोचा होता तिथे बारीक, एकसारख्या खळ्यांच्या ओळी अशा सुरेख उठल्या होत्या की लग्नात आहेर करावा. शिवाय ठोकून पत्रा ताणला गेला होता, त्यामुळे दार चौकटीत बसेना. किंचित वर उचलून धरलं आणि मग ओढलं, तरच लागायचं. आधी खट, मग धप्प. एस्तेरबाईंनी ते गणपतरावांना सांगितलं नाही, उलट काम नामी झालं म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. गाडीचा काळपट हिरवा रंग बाजारात कुठेच नव्हता, सगळा लष्कराकडे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडच्या उरलेल्या हिरव्यात काजळी कालवून एस्तेरबाईंनी स्वतः ब्रशने दोन हात दिले. लिंबाच्या सावलीत गाडी लावली आणि लांबून पाहिलं तर, माहीत नसेल त्याला काही कळलं नसतं.

पण भागूबाई गप्प बसणारी बाई नव्हती. घोडेगावच्या बाजारातून ती गोष्ट नगरात आमच्या दवाखान्यापर्यंत आली. मिशनच्या डॉक्टरीणबाई शनिदेवाला मानतात, गाडीचं दार काढून जातात. त्या आठवड्यात नेवाशाकडचे पेशंट एकाएकी वाढले. आणि बैठकीच्या दिवशी सकाळी, आम्ही पाहायच्या आत, कुणीतरी भाविकाने गाडीच्या बॉनेटवर, शनीला वाहतात तशी रुईच्या पानांची माळ घालून ठेवली.

मास्तर काठी टेकत आले, प्रदक्षिणा सुरू केली, आणि पहिल्या पावलालाच माळ. ते तिथून जे वळले ते सरळ आत. दाराकडे त्यांनी पाहिलंच नाही.

बैठकीला जाताना व्हरांड्यात मी एस्तेरबाईंचं मनगट धरलं. म्हटलं, बिजागरी मोडली होती, दुरुस्तीला दिली होती, एवढंच सांगा. दार नव्हतं याला कारण मिळतं, माळेचा प्रश्न मिटतो आणि पोच्याचं नाव निघत नाही. त्या म्हणाल्या, "बिजागरी मोडली नव्हती, शांते." आणि आत गेल्या.

मास्तरांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. मला त्यांच्याविषयी पुष्कळ बोलता येतं, पण त्या दिवशी ते ढोंग करत नव्हते. त्यांच्या आजोबांनी विश्वासासाठी गाव सोडलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, बाई, लोक म्हणतात ते खरं आहे का? आपण त्या देवाच्या नावाने दार काढलंत का?

एस्तेरबाई उभ्याच होत्या. पर्समधून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"नाही. बाजारात मी दाराला पोचा पाडला. दार ठोकायला दिलं होतं, म्हणून गाडीला दार नव्हतं. त्या आजीला मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, ते सांगवलं नाही."

मास्तरांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. देवाचे आभार, असं ते म्हणालेसुद्धा. मग त्यांची नजर किल्लीवर गेली आणि अट आठवली. क्षणभर मला वाटलं, ते ती परत सरकवतील... त्यांनी किल्ली उचलून खिशात टाकली. मी ते टिपणात लिहिलं. अक्षर वाईट आलं.

पुढचे आठवडे वाईट गेले. गाडी लिंबाखाली धूळ खात उभी. ज्याला स्टेअरिंग धरता येतं असा प्रत्येक माणूस पलटणीत, त्यामुळे ड्रायव्हर मिळत नव्हता. एस्तेरबाई टांग्याने, बैलगाडीने जिथवर जमेल तिथवर जायच्या. लांबची बोलावणी परत जायची. बोलवायला आलेला माणूस सायकल वळवून फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्या खिडकीत उभ्या राहायच्या. त्या काळात त्यांनी चहा एकदाही अर्धा टाकला नाही, मुकाट्याने संपवायच्या. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मग एके दिवशी भागूबाई आली. लेकाबरोबर, कापडात बाजरी आणि गुळाची ढेप बांधून. योग असा की मास्तर त्या वेळी खोकल्याचं औषध घ्यायला बाकावर बसले होते. तिने येता येता गाडी पाहिली होती, दारासकट. गाडीला दार का लावलं, आणि शेजारच्या वस्तीवरून माणूस आला तर बाई का आल्या न्हाईत, असं तिने तिथेच विचारलं. एस्तेरबाईंनी तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं: आखाचं टोक, पोचा, तांबट, किल्ली. दार देवासाठी काढलं नव्हतं, हेही. तेव्हा न सांगितल्याबद्दल माफी मागितली. मला वाटलं, म्हातारी आता दुखावणार. तिने गुळाची ढेप बाकावर ठेवली. मग उठली, बाहेर जाऊन दारावरच्या त्या खळ्यांवरून हात फिरवून आली आणि म्हणाली,

"एवढ्यासाठी घरात बशीवलं व्हय तुमाला? आमच्या घरात बिनपोच्याचं एक भांडं न्हाई. म्हनून काय पानी भरायचं सोडलं का आमी?"

मास्तरांनी औषधाचा घोट गिळला. कुणाकडे न बघता काठी उचलून गेले. आठवडाभराने शिपायाबरोबर किल्ली आली, कागदात गुंडाळलेली, सोबत एक शब्द नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी मला लिहायला लावलं, की ड्रायव्हर उपलब्ध नसल्याने गाडी तूर्त डॉक्टरीणबाईंनी चालवावी. ते तूर्त लढाई संपल्यावरही चाललं, ड्रायव्हर ढिगाने परत आल्यावरही चाललं. मास्तरांनी प्रदक्षिणा कधी सोडली नाही, पण उजव्या दाराशी आले की ते आकाशाकडे बघायचे.

पुढे रंग मिळू लागला तरी एस्तेरबाईंनी दार तसंच ठेवलं. कारण विचारलं तर म्हणायच्या, गणपतरावांना वाईट वाटेल. बाहेरून आल्या की कितीही दमलेल्या असोत, दार उचलून लावायच्या. आधी खट, मग धप्प. भिंतीपलीकडे तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून चहाचं आधण ठेवत असे. त्या आत येऊन पहिल्या घोटाला सांगायच्या: मुलगा, किंवा मुलगी, किंवा काहीच नाही, नुसत्या बसून राहायच्या. आमची मैत्री बहुतेक त्या आवाजानंतरच्या अर्ध्या तासाची. त्या गेल्याचं दुःख लोक विचारतात तेव्हा मला नीट सांगता येत नाही, कारण मला जे गेलं ते एवढंसंच आहे, आणि मला ते फार हवं होतं.

परवा नवे डॉक्टर आले. तरुण आहेत, हुशार वाटतात, गाडी येत नाही. कमिटीने ड्रायव्हर ठेवला आहे. तो गाडी बघायला आला आणि बराच वेळ दार आपटत राहिला. लागेना. पुन्हा आपटलं. मी घरातून ऐकत होते, आणि ऐकवेना तेव्हा बाहेर गेले. तो बिचारा घामाघूम झालेला. म्हणाला, बाई, दार वाकडं हाय, आणि हितं पत्र्याला कसली वळं उठल्यात? गॅरेजला सांगून सपाट करून घेतो. मी म्हटलं, ते डॉक्टरांना विचारा. आत्ता फक्त थोडं वर उचला, मग ओढा.

त्याने उचललं आणि ओढलं. खट. धप्प.

मी वळले, स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवलं, पत्ती टाकली, दोन कप पुसून मांडले आणि चहा गाळलासुद्धा. दुसरा कप भरल्यावर हात थांबला... तार आल्या दिवसापासून मी रडले नव्हते, ते तेव्हा रडले. मग तोंड धुतलं आणि तो कप बाहेर नेऊन ड्रायव्हरला दिला. त्याचा काय दोष? मी त्याला एवढंच बजावलं, की कुठल्याही ओढ्याशी थांबायचं झालं, तर आधी गाडीत बसलेल्या डॉक्टरांना विचारा.